फिल्टरच्या अलीकडे

कारखान्यात तिला सगळे 'हवालदार' म्हणायचे. पोलिसांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. कॉम्प्रेसरच्या खोलीची ती प्रमुख, अख्ख्या कारखान्याला दाबाची हवा पुरवायचं काम तिचं. म्हणून पहिल्याच वर्षी कुणा टवाळाने हे नाव लावलं आणि ते चिकटलं. बारा वर्षांत ते घरातही शिरलं होतं. जाऊ वैतागली की म्हणायची, "हवालदार आल्या, बसा आता शिस्तीत."

कारखाना काचेचा होता. दुकानांच्या दर्शनी भागाला, ऑफिसांच्या भिंतींना लागतात तसल्या भल्यामोठ्या काचा इथे कापल्या, घासल्या, धुतल्या जायच्या. यातलं जवळजवळ प्रत्येक काम हवेवर चालायचं. कापायच्या टेबलावरचे चिमटे हवेवर, धुतलेली काच सुकवणारे झोत हवेवर, काचेवर वाळू मारून नक्षी काढणारी बंदूक हवेवर. आणि काच उचलणारा लिफ्टर, तोही हवेवरच. लिफ्टरला सहा रबरी वाट्या होत्या. दाबाची हवा एका बारीक नळीतून जोरात सोडली की ती जाता जाता वाट्यांमधली हवा ओढून न्यायची, वाट्यांत व्हॅक्यूम तयार व्हायचा आणि वाट्या काचेला घट्ट धरून ठेवायच्या. दीड-दोनशे किलोची काच त्या सहा वाट्यांच्या भरवशावर अधांतरी चालायची. वाट्यांची पकड ढिली पडली की लिफ्टरचा भोंगा वाजायचा.

गेले काही महिने हवा पुरत नव्हती. पूर्वी दोन कॉम्प्रेसरमध्ये भागायचं आणि तिसरा राखीव असायचा. आता तिन्ही दिवसभर धडधडत होते, दाब साडेसहा बारवरून आठवर नेला होता, तरी कटिंग खात्याची रड संपत नव्हती. शेवटी मोठ्या साहेबांनी चौथा, सगळ्यांत मोठा कॉम्प्रेसर घ्यायचं ठरवलं आणि सोमवारी सकाळी विक्रेत्याला बोलावलं. हा माणूस बातमी चांगली असो वा वाईट, हसतच असायचा. हवालदारने मनातल्या मनात त्याचं नाव 'हसऱ्या' ठेवलं.

"मागणी वाढली की मशीन वाढवायचं. साधी गोष्ट आहे," हसऱ्या म्हणाला.

"मागणी कुठे वाढलीये?" हवालदार म्हणाली. "गेल्या वर्षी जेवढी काच गेटबाहेर जात होती तेवढीच आजही जाते. साहेब, काल सुट्टी होती. कारखान्यात मी आणि वॉचमन, दोघंच. एकही मशीन चालू नव्हतं. तरी एक कॉम्प्रेसर दर दहा मिनिटांतली सहा मिनिटं हवा भरत होता. ती हवा कोण वापरत होतं? वॉचमन?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "मग तुमचं म्हणणं काय, बाई?"

"पाइपांना भोकं पडलीत. ती बुजवते. दाब परत साडेसहावर आणते. दाब जितका जास्त, तितकी हवा भोकातून जास्त पळते आणि वीज जास्त लागते. दोन कॉम्प्रेसरवर कारखाना चालवून दाखवते."

"शुक्रवारी," साहेब म्हणाले. "पूर्ण पाळी, दोन कॉम्प्रेसरवर. कटिंग खात्यातल्या भिंतीवर दाब मोजायचं गेज आहे ना, तेच प्रमाण धरू. काटा एकदा जरी सहाच्या खाली आला, तर मी तिथेच या साहेबांच्या ऑर्डरवर सही करणार."

हसऱ्या अर्थातच हसला.

पुढचे चार दिवस हवालदार पाइपांच्या मागे वेड्यासारखी फिरली. एका हातात साबणाच्या पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात खडू. सांध्यावर फेस लावायचा, बुडबुडे आले की खडूने फुली मारायची. डबा खायच्या सुट्टीत मशीन थांबली की ती डोळे मिटून उभी राहायची आणि कुठून सुस्स येतंय ते ऐकायची. पन्नास फुटांवरची गळती तिला ऐकू यायची. बुधवारपर्यंत एकशे सात फुल्या झाल्या. फाटलेल्या रबरी नळ्या बदलल्या, ढिल्या जोडण्या आवळल्या, पाइपात साचलेलं पाणी काढायचे दोन व्हॉल्व्ह कायमचे उघडे राहिले होते ते बदलले. पाळी सुटताना कपड्यांवरची धूळ हवेने उडवायची लोकांची सवय होती, ती नळी तिने सरळ कुलूपबंद केली. त्यावरून अर्ध्या कारखान्याने तिला शिव्या घातल्या. पण गुरुवारी दुपारी तिसरा कॉम्प्रेसर तिने बंद केला तेव्हा मुख्य गेजवरचा काटा जागचा हलला नाही.

हलला तो तिचा दीर.

भावजी लिफ्टर चालवायचे. ती लग्न होऊन आली तेव्हा ते शाळेत होते. गणिताला घाबरून तिच्या पदराआड लपायचे. या नोकरीला तिनेच त्यांना चिकटवलं होतं. दोघं रोज एकाच स्कूटरवरून कामावर यायची. गुरुवारी संध्याकाळी घरी पाय धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, लिफ्टरचा दाब कमी करू नका."

"साडेसहा पुष्कळ आहे, भावजी. लिफ्टरच्या पाटीवरच लिहिलंय, पाच पुरे."

"पाटीवर काय लिहिलंय ते मला माहीत आहे. मी गेले चार महिने सांगतोय, दुपारी हवा कमी पडते. आठ बारवरसुद्धा भोंगा मधूनच कुरकुरतो."

"वाट्या झिजल्या असतील. पुढच्या आठवड्यात बघू."

"वाट्या नव्या आहेत."

"भावजी, तुमच्या खात्यातलं गेज मी रोज बघते. साडेसात-आठच्या खाली कधी आलं नाही. मग हवा कमी कशी पडेल?"

जाऊ पोळ्या लाटता लाटता थांबली. भावजी मान हलवून बाहेर निघून गेले. हवालदारला वाटलं, माणसाला सवयीची गोष्ट सुटत नाही, दुसरं काय. डोक्यात उद्याचा काटा घेऊनच ती जेवली.

शुक्रवारी सकाळपासून सगळं सुरळीत चाललं. दोन कॉम्प्रेसर, साडेसहा बार. कटिंग खात्यातल्या गेजसमोर साहेबांनी खुर्ची टाकून घेतली होती. हसऱ्या शेजारी उभा राहून दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काटा सहा पूर्णांक चारच्या खाली एकदाही गेला नाही.

"बाई, तुम्ही तर कमाल केलीत," साहेब म्हणाले, आणि हवालदारला खरंच अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

सुट्टी संपली. भिंतीपलीकडच्या खोलीत वाळूवाल्या काकांनी डोक्यावर टोप चढवला आणि नक्षीचं काम सुरू केलं. बंदुकीचा घोंघाट भिंतीतून येऊ लागला. इकडे भावजींनी रॅकमधून दिवसाची सगळ्यांत मोठी काच उचलली. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच, जाडी बोटाएवढी. दोन्ही बाजूंना काचांनी भरलेले रॅक, मधे अरुंद वाट, आणि त्या वाटेतून उभी काच घेऊन सहा-सात मीटर पुढच्या स्टँडपर्यंत जायचं. मधे कुठे टेकवायची सोय नाही. नुसत्या जमिनीवर टेकवली तर ती कुठल्यातरी बाजूला कलंडणार, आणि एका बाजूला माणूस होता.

काच वाटेच्या मध्यावर आली आणि लिफ्टरचा भोंगा वाजला.

सगळ्यांनी माना वळवल्या. मग, जणू ठरवून, सगळ्यांनी गेजकडे पाहिलं. सहा पूर्णांक चार. काटा खिळल्यासारखा.

"वहिनी, हवा द्या!" भावजी ओरडले. ते थांबले होते, दोन्ही हात लिफ्टरच्या दांड्यावर.

"हवा आहे, भावजी! इथे सहाच्या वर दाखवतंय! भोंगा बिघडला असेल, पुढे चला!"

"काटा तुमच्याकडे आहे, काच माझ्याकडे आहे! वाट्या सोडतायत!"

 भावजींचा आवाज तिने इतक्या वर्षांत असा कधी ऐकला नव्हता. तिने पुन्हा काट्याकडे पाहिलं. काटा तिच्या बाजूने होता. साहेब, हसऱ्या, चार दिवसांची मेहनत, सगळं त्या काट्याच्या बाजूने होतं. आणि पाच मीटरवर घाम फुटलेला एक माणूस म्हणत होता की हवा नाही.

एक वाटी फट्‌ आवाज करून सुटली. काच वीतभर तिरकी झाली.

हवालदारने काट्यावरची नजर काढली आणि पाइपावर नेली. गेजच्या पुढे पाइप वर चढत होता. छताजवळ, रॅकच्या मागे, धुळीने माखलेला एक डबा होता: फिल्टर. हवेतलं तेल आणि घाण अडवणारा. त्याच्या पुढे पाइपाला दोन फाटे. एक लिफ्टरला, दुसरा भिंतीपलीकडे, वाळूच्या बंदुकीला.

गेज फिल्टरच्या अलीकडे होतं. तिनेच सात वर्षांपूर्वी तिथे बसवून घेतलं होतं, वाचायला सोपं जावं म्हणून. पलीकडे काय चाललंय ते कधी कुणी मोजलंच नव्हतं. फिल्टर तुंबला असेल, तर बंदूक हवा खेचायला लागली की पलीकडे दाब किती उरत असेल?

ती विचार पूर्ण करायला थांबली नाही. ती पलीकडच्या खोलीच्या दाराकडे धावली. वाळूवाले काका टोपाच्या आत, पाठमोरे. त्यांना ना भोंगा ऐकू येत होता, ना तिची हाक. दाराशेजारी बंदुकीकडे जाणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्हची लाल दांडी होती. वर्षानुवर्षं कुणी न हलवलेली. तिने दोन्ही हातांनी लोंबकळून ती खाली ओढून पाहिली. दांडी हलेना. तिने भिंतीला पाय लावला आणि सगळं अंग टाकलं. दांडी कर्रकन फिरली. बंदुकीचा घोंघाट मेला. काकांनी वळून टोप वर केला.

"अगं बाई, काय झालं काय?"

ती उत्तर न देता मागे पळाली. भोंगा अजून वाजत होता. एक, दोन, तीन...  मग भोंगा अडखळला आणि बंद झाला.

"भावजी, आता चला! हळू!"

भावजींनी पाऊल टाकलं. दुसरं. सुटलेली वाटी काचेवर नुसतीच फडफडत होती. काच पाच वाट्यांवर, तिरकीच, इंचाइंचाने सरकत होती.  हसऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं होतं. काचेची खालची कड स्टँडच्या रबरावर टेकली, आणि नेमकी तेव्हाच तिरकेपणामुळे तिचा कोपरा खांबावर आपटला. तळहाताएवढा तुकडा उडाला. काच उभीच राहिली. भावजी मात्र मागे सरकून खाली बसले. मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताची धार लागली होती.

हवालदारने ओढणी काढून त्यांच्या हाताला करकचून गुंडाळली.  भावजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांना दवाखान्यात पाठवल्यावर हसऱ्याला कंठ फुटला. "पाहिलंत ना साहेब? हवा कमी पडते."

साहेब गेजकडे बघत होते. "पण काटा सहाच्या खाली आलाच नाही. ठरल्याप्रमाणे बाई जिंकल्यात."

गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. वाटीवर, भोंग्यावर, नाहीतर भावजींच्या घाबरटपणावर खापर फोडून वेळ मारून नेता आली असती. क्षणभर तो विचार तिच्या मनात येऊनही गेला.

"काटा चुकीच्या जागी आहे साहेब," ती म्हणाली. "मीच बसवलाय. थांबा, दाखवते."

तिने फिल्टरच्या पलीकडे दुसरं गेज लावलं. लिफ्टर रिकामा ठेवून काकांना बंदूक चालू करायला सांगितली. अलीकडे सहा पूर्णांक चार. पलीकडे साडेतीन. साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. मग तिने फोन करून तिसरा कॉम्प्रेसरही लावायला सांगितला आणि दाब आठवर नेला. अलीकडचा काटा आठ. पलीकडचा कसाबसा पाच.

"भावजी महिनोन्‌महिने या पाचावर काच उचलत होते," ती म्हणाली. "मी दाब कमी केला आणि त्यांच्याकडे साडेतीन उरले. चौथाच काय, दहा कॉम्प्रेसर आणलेत तरी या बंद दारावर धडका मारत बसतील."

फिल्टर उघडला तेव्हा आतली हवा गाळणारी पांढरी कांडी तपकिरी होऊन चेपली होती, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. शेवटची कधी बदलली? कटिंगवाले म्हणाले, ते काम कॉम्प्रेसर खोलीचं. कॉम्प्रेसर खोलीची वही म्हणत होती, ते काम कटिंगचं. ती वही हवालदारच्याच अक्षरातली होती. नवी कांडी घातल्यावर दोन्ही काटे जवळजवळ सारखेच उभे राहिले, दोन कॉम्प्रेसरवर.

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "सोमवारपासून जोरात सुरू करा."

"लिफ्टर सुरू होणार नाही."

"म्हणजे?"

"मोठ्या काचा या हवेवर उचलायच्या नाहीत. एक नळी फुटली, कुणी एक व्हॉल्व्ह उघडला, की माणूस काचेखाली. शिवाय हवा दाबायची आणि मग ती उधळून व्हॅक्यूम करायचा, याच्याइतका उधळा प्रकार नाही. लिफ्टरला स्वतःचा विजेवरचा व्हॅक्यूम पंप हवा, सोबत टाकी, वीज गेली तरी वाट्या धरून ठेवणारी. तोपर्यंत लिफ्टर चालवायच्या परवानगीवर मी सही करणार नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायचं तर बसवा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ऑर्डरी अडून बसल्या होत्या, गाड्या ठरल्या होत्या. ते बरंच बोलले, मोठ्याने बोलले. ती मान खाली घालून उभी राहिली, पण हलली नाही. शेवटी त्यांची नजर खांबापाशी सांडलेल्या रक्ताकडे गेली आणि ते थांबले.

"किती दिवस?"

"आमच्याकडे व्हॅक्यूम पंपसुद्धा आहेत हं," हसऱ्या चटकन म्हणाला आणि पिशवीतून दुसरं पत्रक काढलं. एवढ्या ताणातही साहेबांना हसू फुटलं. हसऱ्या पुढे म्हणाला, "हा मोठा पंप बघा. एकदा घेतला की वर्षानुवर्षं बघायला नको."

"सहा वाट्यांना एवढा मोठा कशाला?" हवालदार म्हणाली. "वाट्या एकदा रिकाम्या झाल्या की त्या तशाच राखायच्या, एवढंच काम आहे. सगळ्यांत लहान दाखवा. आणि वीज गेल्यावर काच किती मिनिटं धरून राहील ते कागदावर लिहून द्या. बोललेलं नको."

घरी त्या संध्याकाळी जाऊ तिच्याशी बोलली नाही. भावजींच्या हाताला अकरा टाके पडले होते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही घरात भांड्यांचाच आवाज. चौथ्या दिवशी हवालदार चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली. कप टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

"चुकले मी, भावजी."

ते खिडकीबाहेर बघत होते. "भोकातून जाणारी हवा तुम्हाला पन्नास फुटांवरून ऐकू येते, वहिनी. मी समोर उभा राहून सांगत होतो."

 तिथेच पलंगाच्या कडेवर बसून तिने रडायचं नाही असं ठरवलं आणि रडली. भावजींनी कपाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "चहा गार झाला. दुसरा आणा. आणि पंपाचं ते पत्रक आणा, बघू तरी काय घेताय ते."

पंप आणि टाकी बसायला तीन आठवडे गेले. भावजी टाके निघाल्यावर कामावर आले ते थेट लिफ्टरपाशी. पंप केवढासा, शिलाई मशीनएवढा. त्याचा आवाज इतका बारीक की भावजींनी आधी कान लावला आणि मग हात ठेवून तो चालू असल्याची खात्री केली.

"आधी धरून दाखव म्हणावं याला," ते म्हणाले.

त्यांनी मध्यम आकाराची काच उचलली, स्टँडवर जाड गादी अंथरली आणि काच गादीपासून चार बोटं वर टांगून ठेवली. सगळ्यांना पिवळ्या पट्टीबाहेर काढलं, हवालदारलाही. मग तिला खूण केली. तिने पंपाची वीज तोडली.

 काच लटकत होती. व्हॅक्यूमच्या गेजवर भावजींची नजर, घड्याळावर तिची. पाच मिनिटं झाली. काटा केसभर मागे आला. कागदावर हसऱ्याने दहा मिनिटं लिहून दिली होती. दहा झाली. तिने भावजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही.

"अजून थांबू," ते म्हणाले.

बारा. पंधरा. कुणीतरी खोकलं आणि सगळे दचकले. अठराव्या मिनिटाला भोंगा वाजला, पण एकही वाटी सुटली नव्हती. भावजींनी काच गादीवर अलगद उतरवली, वाट्या सोडवल्या, आणि प्रत्येक वाटीवरून अंगठा फिरवत सहाही तपासल्या.

"पंप लावा," ते म्हणाले. "मोठी काच घेतो."

हवालदारने बटण दाबलं. तिकडे कॉम्प्रेसरच्या खोलीत दोनच यंत्रं चालली होती, हे तिला इथूनही ऐकू येत होतं. भावजी रॅककडे वळले, जखमेचा हात एकदा झटकला, आणि दोन्ही मुठी दांड्यावर आवळल्या.